कालचे वाक्य आज नाही

प्रल्हाद इंगळे सर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पहाटे अकोल्यातील एका खासगी रुग्णालयात वारले. वय बहात्तर. मृत्यूच्या कागदावर कारण उष्माघात असे आहे. आमच्या वृत्तपत्रात चार ओळींची बातमी आली, तिच्यात 'संशयित उष्माघात' असे छापले गेले. सरकारी समिती कागद तपासेपर्यंत 'संशयित' लिहिण्याची पद्धत आहे. ती बातमी मी लिहिली नाही. त्या आठवड्यात माझी बदली नागपूर आवृत्तीत झाली होती.

बातमीत त्यांचा उल्लेख 'निवृत्त दूरसंचार कर्मचारी' असा होता. तो बरोबर आहे. मात्र अकोल्याच्या जठारपेठेत त्यांना त्या नात्याने कोणी ओळखत नव्हते. तिथे ते इंग्रजी बोलायला शिकवणारे सर होते, आणि जे त्यांच्याकडे शिकले त्यांच्यासाठी हवा विचारणारे सर.

क्लास एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. दोन खोल्या, मधली भिंत पाडलेली. पंचवीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फळा, एक लोखंडी कूलर. कूलरमध्ये पाणी भरण्याची पाळी विद्यार्थ्यांत वाटलेली असे आणि ती चुकवणाऱ्याला सर दिवसभर कूलरच्या विरुद्ध बाजूला बसवत. येणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली जास्त. त्यांच्यानंतर हॉटेलात कामाला जाऊ इच्छिणारे, आणि थोडे पुण्याला मुलाखती देऊन परत आलेले इंजिनीअर.

क्लासचा एक नियम होता. जिना चढून आत येणाऱ्याने खुर्चीवर बसण्याआधी त्या दिवसाच्या हवेबद्दल इंग्रजीत एक वाक्य बोलायचे. शेजाऱ्याशी बोलावे तसे. आकडा सांगायचा नाही. आणि काल बोललेले वाक्य आज पुन्हा चालायचे नाही. पुन्हा बोललात तर सर हात खाली दाखवत.

"कालचं वाक्य आज नाही. खाली जा, पाहून ये, मंग सांग."

मग तो विद्यार्थी जिना उतरून रस्त्यावर उभा राही, आभाळाकडे, झाडाकडे, लोकांकडे पाही आणि पुन्हा वर येई. झेरॉक्सवाल्याला याची सवय झाली होती. कोणी दारात उगाच वर बघत उभा दिसला की तो गिऱ्हाइकाला सांगे, हा वरचा आहे, याचे वाक्य नापास झाले आहे.

हा नियम कुठून आला, हे सरांनी मला एकदा सांगितले. ते तरुणपणी अकोल्याच्या आणि नंतर अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. लांबच्या शहराशी जोडणी लागली की इंग्रजी बोलणारी माणसे पहिल्यांदा हवेचे बोलत. कामाचे नंतर. सर तेवढे ऐकून आपली बाजू बंद करत. त्या पहिल्या वाक्यावरून लाइन साफ आहे की नाही कळे. काही वर्षांनी त्यांना त्या वाक्यावरून माणूसही कळू लागला, असे त्यांचे म्हणणे होते. कोण घाईत आहे, कोण आजारी आहे, कोणासमोर दुसरे कोणी बसले आहे. हा दावा तपासण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता. मी तो तेव्हा करमणूक म्हणून ऐकला.

पुस्तकातले इंग्रजी त्यांना चालत नसे. मांजरे-कुत्री पडणाऱ्या पावसाचे जे वाक्य शाळेत पाठ करून घेतात, ते बोलणाऱ्याला ते विचारत, हे तू कोणाच्या तोंडून ऐकले. जून महिन्यात ढग येतात, वारा सुटतो, चार थेंब पडतात आणि ऊन पडते, त्या दिवसांसाठी त्यांचे आवडते वाक्य होते 'इट्स ट्राइंग टु रेन', म्हणजे पाऊस पडायचा प्रयत्न करून राहिला आहे. सप्टेंबरच्या घामट दुपारी 'इट्स क्लोज टुडे', हवा अंगाला चिकटली आहे. डिसेंबरच्या सकाळी 'देअर्स अ निप इन द एअर', हवा चिमटा घेते आहे. मेअखेरचे नऊ दिवसांचे कडक ऊन, म्हणजे नवतपा, लागला की विद्यार्थ्यांचे 'व्हेरी व्हेरी हॉट' सुरू होई. सर म्हणत, 'व्हेरी' दोनदा म्हटल्याने ऊन वाढत नाही. 'टू हॉट टु थिंक' म्हण, ते खरे आहे आणि तुझ्याकडे पाहून पटते.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. वृत्तपत्राच्या जिल्हा पानावरची तापमानाची चौकट मी करत असे. एका एप्रिलमध्ये मी 'पारा घसरला, नागरिकांना दिलासा' असे शीर्षक दिले. सकाळी साडेदहाला कार्यालयात फोन आला.

"उपसंपादक साहेब, पारा घसरला लिहिलं तुमी. किती घसरला?"

अर्धा अंश, मी सांगितले.

"अर्धा अंश थर्मामीटरले समजते. बाजारात कोनाले समजला, त्याचं नाव छापा. मी भेटून येतो त्याले."

त्यानंतर ते आठवड्यातून एकदा फोन करत. तक्रार नसली तरी करत. मी 'दिलासा' हा शब्द चौकटीत वापरणे सोडले. मे महिन्यात ते क्लासहून घरी जाताना आमच्या कार्यालयात पाणी प्यायला थांबत. गळ्यात ओला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, हे मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले होते, कांद्याचा तुमच्यावर आहे का ते विचारून सांगतो.

त्यांचा कान चुकल्याची एक घटना मला माहीत आहे. ती इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढचा उशीर तिच्यामुळे झाला.

परतवाड्याचा फिरोज शेख हा त्यांचा विद्यार्थी. वडील परतवाडा ते चिखलदरा जीप चालवत. फिरोज इंग्लंडमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला आणि बाहेर गेलेल्या इतर विद्यार्थ्यांप्रमाणे दर रविवारी सरांना फोन करू लागला. आधी तिथल्या हवेचे एक वाक्य, मग बाकीचे. एका रविवारी त्याचा आवाज सरांना वेगळा लागला. शब्द अर्धवट, तोंड न उघडता बोलल्यासारखे. काय झाले विचारले तर काही नाही म्हणाला. सरांनी ठरवले की याला कोणी मारले आहे आणि हा लपवतो आहे. सोमवारी पहिल्या एसटीने ते परतवाड्याला गेले आणि फिरोजच्या आईला तसे सांगितले. ती उंबऱ्यावर कोसळली. कपाळाला तीन टाके पडले. फिरोजने त्या आठवड्यात दाढ काढून घेतली होती. तोंड सुजले होते, एवढेच.

फिरोजने सरांना पुढच्या रविवारी फोन केला. "सर, आपने मेरे मुँह का सोचा, मेरी अम्मी का सिर फूटा," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. नंतर वर्षभर केला नाही. सर परतवाड्याला पुन्हा गेले, आईची माफी मागून आले. क्लासमध्ये त्यांनी स्वतःच ही गोष्ट सांगितली आणि सांगून झाल्यावर म्हणाले की ऐकू येणे आणि कळणे या दोन गोष्टी आहेत. त्यानंतर कोणाच्या आवाजाबद्दल ते काही बोलत नसत.

प्रज्ञा तायडे मूर्तिजापूरची. वडील रामदास तायडे रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. नर्सिंग पूर्ण करून ती दोन वर्षे अमरावतीच्या एका रुग्णालयात होती. सुटीच्या दिवशी रेल्वेने अकोल्याला क्लासला येई. सरांच्या मते गेल्या दहा वर्षांत इतके बारकाईने पाहणारी विद्यार्थिनी आली नव्हती. एका फेब्रुवारीत तिने येताना सांगितले होते की आज सावलीत थंड आणि उन्हात गरम आहे, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन महिने आहेत. सरांनी ते फळ्यावर लिहून ठेवले आणि आठ दिवस पुसू दिले नाही.

अमरावतीच्या एका भरती एजंटमार्फत ती इंग्लंडच्या उत्तरेकडील एका छोट्या गावी गेली. काम वृद्धांच्या सेवेचे. गेली तेव्हा सप्टेंबर होता. रविवारी आमच्या संध्याकाळी तिचा फोन येई आणि सोमवारी तिचे वाक्य फळ्यावर जाई. तिनेच 'गुड ड्राइंग डे' पाठवले. पाऊस नाही आणि वारा आहे, म्हणजे कपडे वाळायला चांगला दिवस. तिकडचे लोक हे एकमेकांना आनंदाने सांगतात. हे ऐकून क्लास हसला. अकोल्यात न वाळण्याचा दिवस शोधावा लागतो. सर हसले नाहीत. तिने दोरीवर कपडे टाकणाऱ्या बाईशी बोलणे केले आहे, हे त्यांना महत्त्वाचे वाटले.

नोव्हेंबरनंतर वाक्ये आखूड झाली. जानेवारीत दोन रविवार फोन आला नाही. कामाची जागा बदलली, असे तिने घरी कळवले. आईवडिलांनी तीळगूळ आणि कुरडयांचे पार्सल नव्या पत्त्यावर पाठवले. ते पोचले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तिने सरांना सांगितले, 'इट्स अ बिट ग्रे टुडे'. जरा मळभ आहे. पुढच्या रविवारी तेच वाक्य. सरांनी ऐकले आणि काही विचारले नाही. तिसऱ्या रविवारी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या कार्यालयात आले. नेहमी उभ्याने पाणी पिऊन जाणारे सर त्या दिवशी खुर्ची ओढून बसले. त्यांनी एका कागदावर प्रज्ञाच्या नव्या कामाच्या गावाचे नाव लिहून दिले आणि मागच्या तीन रविवारी तिथली हवा काय होती ते काढून द्या म्हणाले.

माहिती दहा मिनिटांत मिळाली. पहिल्या रविवारी खरोखर मळभ होते. दुसऱ्या रविवारी त्या भागात जोरदार हिमवर्षाव झाला होता, रस्ते बंद होते, स्थानिक वृत्तपत्रात बर्फात अडकलेल्या बसचा फोटो होता. तिसऱ्या रविवारी स्वच्छ ऊन होते आणि लोक समुद्रावर गेले होते.

सरांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"बर्फ पडला तिथं. बस बुडाली बर्फात. अन् पोट्टी म्हणते बिट ग्रे."

मी म्हणालो की ती रात्रपाळीत असेल, दिवसा झोपत असेल. ते म्हणाले, असेल. मी म्हणालो, थकली असेल, सुचत नसेल. ते म्हणाले, असेल. मग त्यांनी सांगितले की शंका त्यांना दुसऱ्या रविवारीच आली होती. फिरोजच्या आईचे कपाळ डोळ्यासमोर आले म्हणून ते आठ दिवस गप्प बसले.

त्या दिवशी दुपारी ते मूर्तिजापूरला गेले. परतवाड्यासारखे होऊ नये म्हणून आईसमोर विषय काढला नाही; रामदास तायड्यांना घेऊन स्टेशनवर गेले आणि बाकावर बसून सांगितले. तायड्यांनी सर्व ऐकून घेतले. मुलगी घरी बोलते, बरी आहे म्हणते, महिन्यात एकदा फोटो पाठवते. फोटो खोलीतलेच असतात, हे त्यांच्या लक्षात आलेले नव्हते. पण ते मानायला तयार झाले नाहीत. हे संभाषण तायड्यांनी मला नंतर जसेच्या तसे सांगितले.

"सर, तुमचा कान चुकते बी ना. त्या परतवाड्याच्या पोराच्या वक्ती चुकला."

"चुकला," सर म्हणाले.

"तुमी तिथं तक्रार कराल, ते लोक तिले काढून टाकतीन. व्हिसा जाईन. एवढी शिकून पोरगी वापस येऊन बसीन. मंग तुमी देसान का नोकरी?"

"नाही देऊ शकत."

"मंग?"

बरोबर असलो तर मुलीच्या जिवाला घोर आणि चुकलो तर तिच्या नोकरीवर पाणी, असे त्यांनी परत आल्यावर मला सांगितले. मधल्या पाच दिवसांत त्यांनी क्लास घेतला. विद्यार्थ्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या आठवड्यात त्यांनी कोणालाही जिना उतरायला लावले नाही.

चौथ्या रविवारी संध्याकाळी त्यांनी मला क्लासवर बोलावले. साक्षीला दुसरा कान असावा, म्हणाले. खोलीत आम्ही दोघेच होतो. सातला काही मिनिटे कमी असताना फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला.

"हाऊज द वेदर, प्रज्ञा?"

"इट्स अ बिट ग्रे, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. आवाज क्लासमधला ठेवला.

"कालचं वाक्य आज नाही. खाली जा, पाहून ये, मंग सांग. मी फोन धरून हाओ."

मग ती तितक्याच सरळ आवाजात म्हणाली,

"सर, मले खाली जाता येत नाही."

"पाय दुखते?"

"नाही."

"दार?"

"दार त्याइच्या हातात हाय."

"खिडकीतून पाह्य."

"खोलीले खिडकीच नाही सर. तळघर हाय."

"कोनी उभं हाय तिथं?"

"हो."

"मंग आता हास. मोठ्यानं हास. अन् त्याइले सांग, सरानं जोक केला."

ती हसली. ते हसणे मी ऐकले आहे. मग ती कोणाला तरी इंग्रजीत म्हणाली की माझे जुने शिक्षक आहेत, फार विनोदी आहेत. सरांनी तिला पार्सल ज्या पत्त्यावर आले तीच जागा का, एवढे विचारले. ती हो म्हणाली. फोन बंद झाल्यावर सर उठून कूलरपाशी गेले. कूलर बंद होता. त्यांनी तो चालू केला, बंद केला आणि परत येऊन बसले.

पहिला फोन त्यांनी फिरोजला केला. वर्षभरानंतर. फिरोज त्या गावापासून तीन तासांच्या अंतरावर राहत होता. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. सरांनी नमस्कारही केला नाही. मी या वेळी चुकीचा असेन तर बरे, म्हणाले. पण तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ये, आणि पाहिल्याशिवाय कोणाला काही सांगू नकोस. तायड्यांकडून मिळालेला पार्सलचा पत्ता फिरोजने लिहून घेतला.

पुढचे फिरोजने सांगितलेले आहे. प्रज्ञाने त्याला दुजोरा दिला. बुधवारी त्याची सुटी होती. चिवड्याचा डबा घेऊन तो त्या घरी गेला, चुलतभाऊ आहे म्हणून सांगितले. ती कामावर आहे, असे उत्तर मिळाले. तो समोरच्या बसथांब्यावर अंधार पडेपर्यंत बसला. एक गाडी आली, चार मुली उतरल्या, त्यांत प्रज्ञा होती. दार आतून नव्हे, बाहेरून लावले गेले. त्या मुलींना उजाडण्याआधी गाडीने वेगवेगळ्या वृद्धांच्या घरी नेत आणि अंधारात परत आणत. रविवारी दहा मिनिटे फोन मिळे. पासपोर्ट कामाला ठेवणाऱ्या कंपनीकडे होता. फिरोज तिथल्या पोलीस ठाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस त्याच्याबरोबर आले. त्यांच्यासमोर प्रज्ञा म्हणाली की मला इथून जायचे आहे. पासपोर्ट दहा मिनिटांत हातात आला.

मी नंतर प्रज्ञाला विचारले की ते एकच वाक्य ती मुद्दाम बोलत होती का. पहिल्या वेळी थकून बोलले, ती म्हणाली. फोनजवळ उभे राहणाऱ्याला मराठी कळत नव्हते, पण नोकरी आणि व्हिसा जाईल या भीतीने घरी किंवा सरांना आपणहून सांगायचे धाडस होत नव्हते; दुसऱ्या वेळी सर खाली जा म्हणतील असे वाटले होते. ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या वेळीही बोलले नाहीत तेव्हा त्यांना आता ऐकू येत नसावे, असे तिला वाटले. हे मी सरांना सांगितले नाही.

सुटका झाली, प्रश्न संपला नाही. तायड्यांनी स्टेशनच्या बाकावर जे सांगितले होते तेच झाले. कंपनीने तिची नोकरी संपल्याचे कळवले आणि व्हिसा कार्यालयाचे पत्र आले: साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत. नव्या नोकरीसाठी मूळ प्रमाणपत्रे हवी होती. ती अमरावतीच्या एजंटने पडताळणीसाठी म्हणून ठेवून घेतलेली होती आणि आता तो फोन उचलत नव्हता.

सर एजंटच्या कार्यालयात तीन दिवस बसले. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने अकोल्याहून गेले, कुलूप लागल्यावर परत आले. मंगळवारी तसेच. ते ओरडले नाहीत, काउंटरशी गेले नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चौकशीला मुली येत, बरोबर बाप किंवा भाऊ. सर प्रत्येकीला इंग्रजीत विचारत की बाहेर हवा कशी आहे. कोणी नोकरीची परीक्षा समजून उत्तर देई, कोणी लाजे. उत्तर मिळाले की सर शाबास म्हणत. मग मराठीत, बापाला ऐकू जाईल अशा आवाजात, आपण इथे का बसलो आहोत ते सांगत. मंगळवारी अशा किती मुली परत गेल्या, याची मोजदाद नाही. बुधवारी दुपारी एजंटने स्वतः येऊन लिफाफा हातात दिला. सरांनी तिथेच उघडून एकेक कागद तपासला आणि एक गुणपत्रिका कमी असल्याचे दाखवले. तीही मिळाली.

एप्रिल आणि मेमध्ये प्रज्ञाच्या दोन मुलाखती झाल्या. दोन्ही ठिकाणी नकार आला. ती फिरोजच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे राहत होती. सर रोज दुपारी तिच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेत. पहिला प्रश्न तेच विचारत आणि ती आता खिडकीतून पाहून सांगे. एक दिवस उत्तर देताना ती रडली, असे सर म्हणाले. मले इथं काहीच दिसत नाही सर, मले फक्त तारीख दिसते, असे ती म्हणाली होती. मूर्तिजापूरहून रामदास तायडे रोज सकाळी फोन करत आणि किती दिवस राहिले एवढेच विचारत.

याच काळात डॉक्टरने सरांना दुपारी बाहेर पडू नका असे बजावले होते. रक्तदाब वाढलेला होता. नागपूरहून मुलीने, वर्षाने, एक छत्री पाठवली होती. ती क्लासच्या खुंटीवर होती.

मुदतीला पाच दिवस उरले तेव्हा तिसऱ्या ठिकाणाहून बोलावणे आले. बुधवारी मुलाखत. त्याआधी सर्व प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती रंगीत स्कॅन करून हव्या होत्या. निरोप मंगळवारी दुपारी मिळाला. नवतपा सुरू होता, बाराच्या आत दुकाने बंद झाली होती. खालचा झेरॉक्सवालाही गेला होता.

सर अडीच वाजता आमच्या कार्यालयात आले. लिफाफा शर्टच्या आत, पोटाशी धरलेला. लिफाफा टेबलावर ठेवून ते बसले. साक्षांकन त्यांनी वाटेत एका वकिलाच्या घरी जाऊन, त्याला झोपेतून उठवून करून घेतले होते. मी कागद स्कॅन केले. प्रत्येक पान पडद्यावर आले की ते चष्मा वर करून शिक्का वाचता येतो का ते पाहत. एका पानाचा कोपरा कापला गेला होता. ते पुन्हा करायला लावले. मी प्रज्ञाला पाने पाठवली. मिळाली, असे उत्तर आल्यावर त्यांनी दोन ग्लास पाणी प्यायले.

मी त्यांना थांबायला सांगितले. पाच वाजता मोटारसायकलवर सोडतो म्हणालो. तो माझा अकोल्यातील शेवटचा दिवस होता, आवरायचे बरेच होते, आणि मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. ते म्हणाले, तीन वाजता पोरीचा फोन येणार आहे, तयारीचे कागद सगळे क्लासमध्ये आहेत. लिफाफा पुन्हा शर्टच्या आत गेला.

मी खिडकीतून पाहिले. रस्त्यावर कोणी नव्हते. समोरच्या भिंतीची सावली टीचभर होती. सर तिच्यात मावण्यासाठी पाठ भिंतीला लावून, आडवे, एकेक पाऊल सरकत होते. कोपऱ्यावर भिंत संपली. ते क्षणभर थांबले आणि उन्हात उतरले.

त्या दिवशी तीन वाजता फोन झाला आणि तो पाऊण तास चालला, असे प्रज्ञा सांगते. बुधवारची मुलाखत वेळेवर झाली. बुधवारी संध्याकाळी सर घरात पडलेले सापडले. शेजाऱ्यांनी रुग्णालयात नेले. वर्षा त्या रात्री पोचली.

नेमणुकीचे पत्र शुक्रवारी आले, मुदतीला दोन दिवस बाकी असताना. प्रज्ञाने रुग्णालयात फोन केला. वर्षाने तो सरांच्या कानाशी धरला. प्रज्ञाने पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवले. सर तेव्हा शुद्धीवर होते की नाही, याबद्दल वर्षाचे आणि तिथल्या परिचारिकेचे म्हणणे जुळत नाही.

प्रज्ञा तायडे त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता नव्या ठिकाणी कामावर रुजू झाली.